ज्याची त्याची शिदोरी

परदेशी सहलीहून परत आलेल्या बाईला सगळे एकच विचारतात, "काय काय पाहिलंत?" बर्फ पाहिला का, तळी पाहिली का, चॉकलेटं आणलीत का! "तिथवर पोचलात कशा?" हे मात्र कुणी विचारत नाही. आणि मला तर आज नेमकं तेच सांगायचं आहे. स्वित्झर्लंडचे डोंगर तुम्ही फोटोत माझ्याहून चांगले पाहिले असतील. पण घराला कुलूप घातल्यापासून परक्या गावातल्या खोलीचं दार उघडेपर्यंतचा जो एक लांबलचक दिवस असतो, तो कुठल्याच फोटोत येत नाही. आमचा हा दिवस साडेएकवीस तासांचा झाला. त्यात एक मोटार, दोन विमानं, एक आगगाडी आणि एक तास असा, की तो आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षं एका जुन्या कॅलेंडरचं पान भिंतीवर होतं. वर्ष संपलं, तारखांचा भाग सासूबाईंनी कात्रीने कापून टाकला, चित्र तेवढं ठेवलं. पुढे लाकडी पूल, खाली पाणी, मागे बर्फाचा डोंगर. फोडणी देता देता त्या त्याच्याकडे बघायच्या. त्यांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा आमचे हे म्हणाले, "आईला तो पूल दाखवून आणू." तो पूल ल्युसर्न गावचा, हे आमच्या कन्येने शोधून काढलं होतं. झालं! आम्ही दोघं, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि तिसरीतले चिरंजीव असे पाच जण मे महिन्यात निघायचं ठरलं. नाशिकहून मोटारीने मुंबई, तिथून विमानाने आखातातलं एक शहर, तिथे विमान बदलून झुरिक, आणि झुरिकहून रेल्वेने ल्युसर्न.

तयारी अर्थातच माझ्याकडे. महिनाभर आधी मी वहीत याद्या करायला घेतल्या. बी.ए. झाले, शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा याद्या करणं हा माझा हातखंडाच! स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेन देशांत आहे, म्हणून शेंगेन व्हिसा. त्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा. पाच पासपोर्ट, दहा बोर्डिंग पास, हॉटेलचे कागद, सासूबाईंच्या मधुमेहाच्या नि रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चिरंजीवांच्या उलटीच्या गोळ्या, परकी नाणी-नोटा, खाऊ. हे सगळं मी एका मोठ्या पर्समध्ये भरलं. कुणी काही विचारलं की पर्समधून ते निघायचंच. ह्यांनी खुशीत विचारलं, "सगळं तुझ्याकडे आहे ना? मग काळजी नाही." मला तेव्हा या वाक्याचा केवढा अभिमान वाटला होता!

वाटेवरच्या खाऊची एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मलाही ऐन वेळी कळली. मी डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं भाजलं आणि खसखशीला हात घातला, तेवढ्यात शेजारच्या वहिनी ओरडल्याच, "अहो, खसखस नका घालू!" संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. नुसतं विमान बदलायला उतरलेल्या प्रवाशालाही तिथला कायदा लागू असतो. म्हणजे आपले अनारसेसुद्धा बाद! औषधांचंही तसंच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं. त्यांच्यावरही तिथे कडक निर्बंध आहेत. आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं, आणि औषध मूळ वेष्टणातच न्यावं. आपलं सुकं खोबरंही, म्हणजे अख्ख्या वाट्या, तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या नियमांत धोकादायक मालात मोडतं. लोणचं हातातल्या बॅगेत घेऊ नये. तपासणीत काढून ठेवायला लावतात. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला मनाई आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरी खाऊन निघावं!

तर खसखशीविना लाडू माझ्या पर्समध्ये गेले. निघायच्या दिवशी बघते तो सासूबाईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी. जुन्या इरकलीच्या काठाची, हाताने शिवलेली, तोंडाला नाडी. मी म्हटलं, "आई, ही कशाला? तुमचं सगळं माझ्या पर्समध्ये आहे. उगाच खांद्याला ओझं." त्या म्हणाल्या, "असू दे गं, हलकी आहे." मी मनात म्हटलं, विमानात ही यात्रेची पिशवी कशी दिसेल! आता लिहिताना त्या विचाराची लाज वाटते.

रात्री दहाला घरून निघालो. विमान पहाटे साडेचारचं. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावं लागतं. पूर्वी कसारा घाटात गाडी अडकली की जीव खालीवर व्हायचा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून घाट टाळून बोगद्यातून जाता येतं. तरीही मी हातात दीड तास जादा ठेवला होता. मुलं मागच्या सीटवर झोपली, सासूबाई पेंगत होत्या. मी मात्र दर दहा मिनिटांनी पर्स उघडून पासपोर्ट मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

मुंबई विमानतळावर मोठ्या बॅगा दिल्या. दोन विमानांचा प्रवास असेल तर इथे एक गोष्ट जरूर विचारावी: "बॅगा शेवटपर्यंत जातील ना?" बॅगेला जी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असली पाहिजेत. झुरिकची झेड-आर-एच. मुंबईची अजून बी-ओ-एमच आहेत, जुन्या बॉम्बेवरून! आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत. मग पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं त्या विमान कंपनीवर असतं. दोन वेगळी तिकिटं घेतली, की चार पैसे वाचतील, पण चुकलेल्या विमानाचा भुर्दंड आपल्याच माथी.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तिकिटासोबतच आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. खुर्चीत बसून जाताना त्या अवघडल्या होत्या, "मी काय आजारी आहे का?" असं दोनदा म्हणाल्या. पण लांबलचक रांगा बाजूला पडल्या तशा जरा सैलावल्या.

विमानात बसलो. उंचावर असताना विमानाच्या आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी ठेवतात. आपल्या कळसूबाईचं शिखर आहे ५,४०० फूट. म्हणजे आपण खुर्चीत बसून कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेले असतो! त्यात ती हवा अगदी कोरडी. म्हणून तहान लागो न लागो, घोट घोट पाणी पीत राहावं, चहा-कॉफी बेताने घ्यावी, तासा-दीड तासाने उठून चार पावलं चालावं, बसल्या जागी पावलं वर-खाली करावीत. नाहीतर पाय सुजतात आणि उतरताना चप्पल चढत नाही.

नाश्ता येतोय असं दिसल्यावर मी सासूबाईंना त्यांची मधुमेहाची गोळी दिली. डॉक्टरांनी "नाश्त्याच्या आधी" असं लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे. ताट आलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि झाकण लावून टाकलं. "मला वास येतो गं." मी म्हटलं, "बरं, उतरल्यावर लाडू देते." लाडवांची पर्स वरच्या कप्प्यात होती, पट्टा लावायचा दिवा पेटला होता, कडेवर डोकं टाकून चिरंजीव झोपले होते. उतरल्यावर देऊ, असं म्हणून मी विषय संपवला. मधुमेहाच्या माणसाच्या घरातल्या बायांना कळेल मी काय चूक केली ते. गोळी पोटात आणि अन्न मात्र नाही!

पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. विमान बदलायला आमच्या हातात सव्वादोन तासांच्या वर होते, ते पावणेदोनच राहिले. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यांच्या शेवटी उतरतात. आम्ही थांबलो. चिरंजीवांना "लागली" होती. खुर्ची घेऊन माणूस आला. त्याने सासूबाईंचा बोर्डिंग पास मागितला. मी पर्समधून काढून दाखवला. त्याने यादीवर खूण केली आणि इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही पुढे तपासणीच्या रांगेत जा, ह्यांना आम्ही दुसऱ्या लिफ्टने आणून गेटवर सोडतो." मी मान डोलावली. आणि हातातला पास, सवयीने, परत माझ्याच पर्समध्ये टाकला.

सासूबाईंनी खुर्चीतून मागे वळून पाहिलं. मी हात केला. दार मिटलं.

पुढे रांग, जिने, पुन्हा रांग. तपासणीत चिरंजीवांची पाण्याची बाटली काढून घेतली, म्हणून त्यांचं रडं. आमच्या पासवर छापलेला गेट बदलला होता, हे फलकावर मुलीनेच पाहिलं. तेव्हा एक लक्षात ठेवा, छापील गेटवर विसंबू नये, दर थोड्या वेळाने फलक पाहावा. धापा टाकत नव्या गेटवर पोचलो तेव्हा तिथल्या घड्याळात आठ वाजले होते. विमान आठ चाळीसला आणि दार बंद होणार वीस मिनिटं आधी.

सासूबाई तिथे नव्हत्या.

ह्यांना वाटलं, जुन्या गेटवर नेलं असेल. ते तिकडे धावले. तिथेही नव्हत्या. मी पर्स उघडली. पाच पासपोर्ट, एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांचा पासपोर्ट माझ्याकडे. त्यांचा पास माझ्याकडे. गोळ्या माझ्याकडे, लाडू माझ्याकडे. त्यांचा फोनसुद्धा "हरवेल" म्हणून मीच ठेवून घेतलेला. सहा तासांचं जागरण, उपाशी पोट, त्यावर मधुमेहाची गोळी, इंग्रजी-अरबी येत नाही, आणि हजारो माणसांच्या त्या विमानतळावर ही बाई कोण, कुठली, कुठे चालली, हे सांगणारा कागदाचा एक चिटोराही मी तिच्याजवळ ठेवला नव्हता. शुगर उतरून त्यांना घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, तर कुणाला कळणार? मी पर्स छातीशी धरून उभी होते. अख्खं घर त्या पर्समध्ये होतं, फक्त माणूस नव्हतं.

गेटवरच्या मुलीला मी काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही. ती फोन उचलणार, एवढ्यात तोच वाजला. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंचं नाव उच्चारलं. त्या व्हीलचेअरच्या प्रवाशांच्या खोलीत होत्या. पास नसल्यामुळे तपासणीपलीकडे सोडत नव्हते. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून एका माणसाने मला तिकडे नेलं. हे मुलांना घेऊन गेटवर थांबले.

मी खोलीत शिरले तर काय दृश्य! सासूबाई एका दुसऱ्या आजीबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. त्या आजी दक्षिणेकडच्या असाव्यात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मांडीवर इरकली पिशवी उघडी. दोघींच्या हातात राजगिऱ्याची वडी. सासूबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस? बस. दोन घोट पाणी पी आधी."

मी त्यांच्या पायाशीच बसले आणि रडायला लागले.

त्या पिशवीत काय होतं, सांगू? राजगिऱ्याच्या वड्या, गुळाचे दोन खडे, एका दिवसाच्या गोळ्या, हातरुमाल, विठोबाचा छोटा फोटो. आणि एक घडी घातलेला वहीचा कागद. तो आमच्या कन्येच्या अक्षरातला. वर आजीचं नाव नि वय, खाली इंग्रजीत, "मला मधुमेह आहे, मला वेळेवर खावं लागतं. माझं कुटुंब माझ्याबरोबर आहे. आम्ही झुरिकला चाललो आहोत." दोन्ही विमानांचे क्रमांक, तारखा आणि आमच्या दोघांचे फोन. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नातीला बसवून तो लिहून घेतला होता. शुगर उतरल्यासारखं वाटलं तशी त्यांनी आधी गूळ खाल्ला, मग वडी, आणि कागद खुर्चीवाल्याच्या हातात ठेवला. गेटवर फोन आला तो त्या कागदामुळे.

मी शाळेच्या सहलीला मुलं नेते, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी मी स्वतः ठेवते. ठेवल्याशिवाय बस हलू देत नाही. आणि स्वतःच्या घरच्या माणसांना मात्र मी पर्समध्ये घालून चालले होते!

विमान मिळालं. दार बंद व्हायला दोन मिनिटं होती. जागेवर बसल्यावर मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "अगं, चूक कसली? तू सगळ्यांचं बघतेस, म्हणून मी म्हटलं, आपलं आपण बघावं. आमच्या गावची माणसं पायी पंढरपूरला जायची. तेव्हा ज्याची त्याची शिदोरी ज्याच्या त्याच्या खांद्यावर असायची. सगळ्यांची भाकरी एकाच्या गाठोड्यात बांधली आणि तोच गर्दीत चुकला, तर? तोही घाबरा आणि बाकीचे उपाशी."

पुढचे पावणेसात तास मी त्या वाक्यावर विचार करत होते. आपण बायका घरात हेच करतो ना? किल्ल्या आपल्याकडे, पासबुकं कुठे ते आपल्याला ठाऊक, कुणाची गोळी किती वाजता ते आपल्याला ठाऊक. त्याला आपण प्रेम म्हणतो, आणि ते प्रेम असतंही. पण त्याच्या पोटात थोडा तोराही असतो, माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही याचा. घरात तो खपून जातो, कारण घरात कुणी हरवत नाही. प्रवासात तो महागात पडतो.

झुरिकला उतरलो तेव्हा तिथले दुपारचे एक वीस आणि आपल्याकडचे चार पन्नास. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेतीन तास पुढे असतं. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात. त्यामुळे रांगेला वेळ धरून चालावं, पुढची गाडी घाईची ठरवू नये. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. ल्युसर्नची गाडी तासाभराची. या वेळी मी प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या हातात दिलं. चिरंजीवांनी आपलं तिकीट तपासनिसाला स्वतः दाखवलं, तेव्हा त्यांची छाती इंचभर फुगली होती.

चारला ल्युसर्नला पोचलो. खोलीच्या खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसत होता. ह्यांनी विजेच्या किटलीत पाणी उकळून मेतकूट-पोह्यांवर ओतलं, मुलं दोन घासांत झोपली. आणि सासूबाईंनी मला विचारलं, "तू काय खाल्लंस गं आज?"

मला उत्तर देता येईना. मुंबईला एक चहा, विमानात एक चहा. लाडवांचा डबा पर्समध्ये तसाच होता, एकही कमी झालेला नव्हता. त्या पर्समध्ये पाच जणांचं सगळं होतं. माझ्यासाठी म्हणून घेतलेली एक वस्तू नव्हती, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. आणि माझं डोकं ठणकत होतं. सासूबाईंनी डब्यातला लाडू काढला आणि माझ्या हातात ठेवला. "खा. मग नीज. पूल उद्याही तिथेच असेल."

मैत्रिणींनो, तुमचाही असा लांबचा प्रवास ठरला, तर माझ्या अनुभवातून एवढं घ्या.

घरातल्या प्रत्येकाची एक छोटी पिशवी करा. आठ वर्षांच्या मुलाचीसुद्धा. तिच्यात त्याचा बोर्डिंग पास, पासपोर्टची छायाप्रत, नाव, विमानाचे क्रमांक आणि दोघांचे फोन लिहिलेला कागद, थोडा कोरडा खाऊ, रुमाल. मोठ्यांचे पासपोर्ट मोठ्यांनी स्वतः सांभाळायचे, लहानांचे एकाने आई-बाबांपैकी.

आजारी माणसाची औषधं दोन ठिकाणी ठेवा, थोडी त्याच्याजवळ, बाकीची तुमच्या हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत कधीच नको. इन्शुलिन असेल तर तेही हातातच, कारण खालच्या सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. पश्चिमेला जाताना आपला दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखूड होतो. त्या दिवशी गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा कशा धरायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि मधुमेहाची गोळी द्यायची ती अन्न समोर आल्यावर, आणि ते खाल्लं जाईल याची खात्री झाल्यावर. हाही प्रश्न डॉक्टरांना विचारून ठेवा.

व्हीलचेअर असेल, तर त्या माणसाबरोबर घरातल्या एकाने जायचंच. "तुम्ही पुढे व्हा" असं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी. पास, औषध, फोन आणि खाऊ खुर्चीतल्या माणसाच्या मांडीवर.

हातातल्या बॅगेतली द्रवं शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांत, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. फोनची पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही.

विमान बदलायला तीन तास तरी हातात असू द्या. म्हातारं माणूस आणि मुलं बरोबर असतील तर दीड-दोन तासांच्या मोहात पडू नका. तिथे बसून कंटाळा आलेला परवडला.

आणि शेवटचं, स्वतःची पिशवी आधी भरा. तुमची गोळी, तुमचा खाऊ, तुमचा हलका स्वेटर. त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही उपाशी आणि जागरणाने सैरभैर असलात, तर तुमच्या हातून पासही चुकीच्या पर्समध्ये जातो. माझ्या गेला.

पूल आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. चौदाव्या शतकातला तो. १९९३ मध्ये आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि पुन्हा बांधला. सासूबाई मधोमध कठड्याला टेकून खूप वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कॅलेंडरात फुलं जास्त होती." आणि हसल्या.

परतीच्या प्रवासात पाच पिशव्या होत्या. मुंबईच्या विमानात मी डोळे मिटले ते पट्टा बांधायची सूचना होईपर्यंत. जाग आली तेव्हा माझं डोकं सासूबाईंच्या खांद्यावर होतं, आणि मी पासपोर्ट एकदाही मोजले नव्हते.

घरी आल्यावर सासूबाईंनी जुन्या पातळांच्या काठांच्या आणखी चार पिशव्या शिवल्या. माझी हिरवी आहे. परवा बाजारात निघताना ती खांद्याला अडकवली, तर वहिनींनी विचारलं, "हे काय, यात्रेला निघालात की काय?"

म्हटलं, "हो. तुम्हालाही एक शिवून देऊ?"